जगायला गेलेल्यांचं सामान

आमच्याकडे मजुरीसाठी गाव सोडून जाण्याला 'जगायला जाणं' म्हणतात. दिवाळी आटपली, भात-नागली घरात आली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची माणसं पोरांबाळांसकट जगायला जात. कुणी भिवंडीकडे वीटभट्टीवर, कुणी वसईला रेतीवर, कुणी ठाण्याला बिगारीवर. शिमग्याला चार दिवस यायची, आणि पाऊस तोंडावर आला की कायमची परतायची. मी मूळची साखरशेतची. वडील शेतकऱ्याघरचेच, पण शिकून प्राथमिक शिक्षक झाले, म्हणून आम्हाला कधी जगायला जावं लागलं नाही. आम्ही आपले घरी बसूनच जगलो.

आता मी ठाण्यात मुलाकडे राहते. सुनेचं घर आरशासारखं लख्ख. वापरात नसलेली वस्तू तिच्या डोळ्याला खुपते. परवा तिनं माझी जुनी कापडी पिशवी, मला न विचारता, भंगारवाल्याला दिली. मी दिवसभर धुसफुसत राहिले, आणि त्या धुसफुशीत मला पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावरची एक म्हातारी इतकी आठवली की डोळ्यांत पाणी आलं. ती असती तर माझ्या सुनेला चांगलं फैलावर घेतलं असतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जव्हारला एका छोट्या संस्थेत मी नोकरीला होते. मनाच्या आजाराची माणसं शोधायची, त्यांच्या घरी जायचं, औषधं घेतात का बघायचं, घरच्यांना समजवायचं, हे माझं काम. नाशिकहून एक डॉक्टर महिन्यातून एकदा येत आणि त्या दिवशी आमची ओटी माणसांनी भरून जाई. बाकीचे दिवस मी, माझी छत्री आणि जीप. जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एक माणूस बसायचा, मग ड्रायव्हर अर्धा बाहेर लोंबकळत गाडी हाकायचा. दाभोशाच्या उतारावर मी अनेकदा देवाचं नाव घेतलंय. पण त्या जीपमध्ये जितकं हसले तितकं नंतर कुठल्याच गाडीत हसले नाही.

एके दिवशी एक कारकून ऑफिसात आला. पस्तिशीचा, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं अगदी पुस्तकातलं. पोशेऱ्याच्या पाड्यावर जन्मलेला, आश्रमशाळेत शिकून जव्हारच्या सरकारी कचेरीत लागलेला. समोर बसला आणि म्हणाला, "मॅडम, माझ्या आईचं डोकं ठिकाणावर नाही असा दाखला हवा आहे."

मी म्हटलं, "आधी आई तर बघू द्या."

त्याची अडचण खोटी नव्हती. आई एकटी राहत होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर इतकं सामानानं भरलेलं की म्हातारी बाहेर ओटीवर झोपायची आणि आत चुलीपाशी जेमतेम उकिडवं बसायला जागा. मागच्या पावसाळ्यात चुलीजवळच्या गोणपाटाला ठिणगी लागली. कुडाचं घर, कारवीच्या भिंती, भडका उडायला कितीसा वेळ! शेजाऱ्यांनी विझवलं म्हणून वाचली. सरकारी योजनेतून तिला पक्कं घर मंजूर झालं होतं, पण त्यासाठी जुनं पाडायला हवं, आणि म्हातारी एका वस्तूला हात लावू देईना. डॉक्टरांनी दाखला दिला की मुलगा तिच्या वतीनं सही करणार, घर रिकामं करून पाडणार आणि आईला जव्हारला आपल्या क्वार्टरमध्ये नेणार. "तिच्या भल्यासाठीच," तो म्हणाला. तसं तो मनापासून म्हणत होता, आणि मला नेमका त्याचाच राग आला.

पहिल्यांदा गेले तेव्हा म्हातारी (पाड्यावर सगळे तिला डोसीच म्हणत) ओटीवर शेंगा सोलत होती. बारीक चणीची, पाठीत वाकलेली, नजर मात्र घारीची. मी आत डोकावले. अहाहा! एकावर एक रचलेल्या अॅल्युमिनियमच्या टोपांच्या उतरंडी छपराला टेकलेल्या. जाती, उखळं, कोयते, कुदळी, एक पाळणा, चटयांच्या वळकट्या, गाठोडीच गाठोडी. त्यावर मग दुसरा थर, तेलाचे डबे, खताच्या गोण्या, सलाइनच्या रिकाम्या बाटल्या, फुटक्या बादल्या, तुटक्या छत्र्या, जुनी कॅलेंडरं. चुलीकडे जायला अंग आडवं करून सरकावं लागे. मी त्या वेळी बरीच बारीक होते, तरी अडकले.

"आये, एवढं सामान कशाला ठेवलंय?" मी विचारलं.

"माझा नाय त्या," ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

"मग कुणाचं?"

"लोकांचा. जगायला गेलीत ना."

मग हळूहळू कळलं. तिचा नवरा पाड्याची गुरं राखायचा, त्यामुळे ही दोघं कधी जगायला गेली नाहीत. ज्यांची घरं बंद होत ती माणसं जाताना भांडीकुंडी, हत्यारं हिच्याकडे राखणीला ठेवत. आमच्या भागात ही जुनी रीत होती. राखणीला ठेवताना वस्तू तिच्या हातात द्यायची आणि 'राख' म्हणायचं. परत आलं की सूपभर नागली देऊन वस्तू न्यायची आणि 'माझा माझ्याजवळ पोचला' असं तोंडानं बोलायचं. तसं बोलेपर्यंत राखणारी बांधलेली. वस्तू नको असेल तर तसंही सांगायचं, 'सोडला' म्हणायचं, मग ती मोकळी.

पुढे माणसं येईनाशी झाली. कुणी तिकडेच झोपडी बांधली, कुणाच्या घरात नवी भांडी आली, कुणी मेलं. म्हातारी राखत राहिली. आणि राखता राखता तिच्या हाताला अशी सवय लागली की रस्त्यात पडलेला डबाही तिला कुणाचा तरी वाटू लागला. "कुनाचा तरी असंल, यील तो," म्हणून घरात आणायची. कुठे रीत संपत होती आणि कुठे आजार सुरू होत होता ती रेघ मला तेव्हा ओढता आली नाही, डॉक्टरांनाही नाही.

मी मुलाला सांगितलं, घाई नको. अशा माणसाचं घर एका दिवसात रिकामं करायचं नसतं. आधी चुलीभोवतीची जागा मोकळी करू, तीही तिच्या हातानं. पण त्याला 'पी हळद अन् हो गोरी' असं हवं होतं. मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी म्हातारी बाजाराला गेली असताना तो पाड्यावर आला, शेजारपाजारच्यांना गोळा केलं, आणि अर्धं घर पलीकडच्या ओढ्यात नेऊन ओतलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! म्हातारी संध्याकाळी परतली. ओरडली नाही, रडली नाही. पाटी घेतली आणि ओढ्यात उतरली. एकेक वस्तू डोक्यावर वाहून परत आणली. लोकांचं काही चुकून राहून जाऊ नये म्हणून ओढ्यात आधीपासून पडलेलं, सगळ्या पाड्यानं टाकलेलं भंगारही घेऊन आली. घर आधीपेक्षा जास्त भरलं.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण त्यानंतर ती रोज ओढ्यात जाऊ लागली. दगड उलटे करायची, झुडपांत काठी घालून ढवळायची, डोहात कमरेइतकी उभी राहायची. काय शोधतेस विचारलं तर तोंड फिरवायची. मुलगा पुन्हा माझ्याकडे आला. या वेळी त्याचा शर्ट चुरगळलेला होता. "बघा मॅडम, तिथे काही नाही आणि ती दिवसभर शोधते आहे. आता तरी द्या दाखला," म्हणाला. मला त्याची दया आली. आणि खरं सांगते, या वेळी मलाही भीती वाटली.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना थेट पाड्यावर नेलं. ते उंच, शांत, आणि चिवट माणूस. म्हाताऱ्या माणसाशी सकाळीच बोलावं, दुपारी त्यांचं डोकं शिणतं, असं त्यांचं म्हणणं, म्हणून आम्ही उजाडता उजाडता जव्हार सोडलं. पाड्यावर पोचलो तेव्हा धुकं अजून खालच्या खोऱ्यात होतं आणि प्रत्येक छपरातून धूर निघत होता. मला अजून त्या धुराचा वास येतो. ठाण्यात कुठेही लाकूड जळालं की मी क्षणभर थांबते.

डॉक्टर ओटीच्या कडेला जमिनीवर बसले. मुलगा उभाच होता. त्यांनी त्याला अंगणाच्या टोकाला जाऊन बसायला सांगितलं.

"आये, हे घर असंच राहिलं तर काय होईल?" त्यांनी विचारलं.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. हा एवढा शिकलेला माणूस असं काय विचारतो, असा तिचा चेहरा. "पेटंल," ती म्हणाली. "कारव सुकी आहे. मी पन जळन."

"मग पक्कं घर नको?"

"पाहिजे ना. कोनाला नको? पन ह्या चिजा कठं ठेवू? पोऱ्या म्हनतो टाक. माझा असता तर टाकला असता. लोकांचा कसा टाकू?"

"जव्हारला मुलाकडे गेलीस तर?"

"आनि लोकं आली तर?"

"आणि आलीच नाहीत?"

तिनं आतल्या उतरंडींकडे पाहिलं. मग म्हणाली, "तां माना पन कळतां. पन त्यांनी तसा बोलाय पाहिजे ना."

डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांनी ओढ्याचं विचारलं. म्हातारीचं तोंड पुन्हा मिटलं. त्यांनी आडून विचारलं, समोरून विचारलं, मी तिच्या बोलीत विचारून पाहिलं, पण तिनं ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी उठून आत गेली आणि टोप उगाच इकडचे तिकडे करू लागली.

परत येताना वाटेत डॉक्टर म्हणाले, "घराचं तिला सगळं समजतं. लक्षात राहतं, तोलता येतं, सांगता येतं. तिचा निर्णय आपल्याला पटत नाही म्हणून तिला निर्णय घेता येत नाही असं मी लिहिणार नाही. पण ओढ्याचं काय? नसलेली वस्तू ती शोधत असेल तर मला फेरविचार करावा लागेल. पुढच्या महिन्यापर्यंत थांबू."

म्हणजे सगळं त्या ओढ्यावर येऊन अडलं होतं. म्हातारीचं घर, तिचं 'नाही', सगळंच. मी दर आठवड्याला पाड्यावर जाऊ लागले. तिच्याबरोबर ओढ्यात बसायची. ती दगड उलटायची, मी गप्पा मारायची. ती मला माझ्या आईच्या माहेरची खबर विचारायची, आवळे द्यायची, माझ्या चपलांना नावं ठेवायची. शोधतेस काय, एवढं सोडून आम्ही जगातलं सगळं बोललो.

एकदा परतताना शेजारणीनं कोऱ्या चहाला थांबवलं. ही बाई आणि तिचा नवरा आधी भट्टीवर जायचे, पण नवऱ्याला जवळच रोपवाटिकेत काम मिळाल्यापासून गावातच होते. चहा मांडायला तिनं पाणी घेतलं ते एका पितळी हंड्यातून. चिंच लावून घासलेला, सोन्यासारखा हंडा. त्या पाड्यावर असा हंडा उठून दिसणारच. मी सहज कौतुक केलं.

"लग्नातला आहे बाई माझ्या," ती खुशीत म्हणाली. "डोसीकडं होता राखनीला. त्या दिसी सगळां ओढ्यात टाकत होते ना, तवा मी माझा उचलून आनला."

मी कप खाली ठेवला. "तिला सांगितलंस?"

"काय सांगायचां? माझा मी आनला. चोरी थोडी केली!"

घोडं इथे पेंड खात होतं तर. मी अशी भडकले की त्या बाईच्या कोंबड्यासुद्धा पळाल्या. अगं बाई, तू 'पोचला' म्हणाली नाहीस, तोवर तिच्या लेखी तुझा लग्नातला हंडा हरवला ना! ती आमची डोसी पाण्यात उभी राहून तुझा हंडा शोधतेय, आणि तू त्यातून पाणी पितेस! शेजारीण बिचारी रडकुंडीला आली. सूपभर नागली द्यायला घरात नव्हती, त्या साली पीक बेताचं होतं, शिवाय म्हातारीचा मुलगाच सामान टाकायला सांगत होता, म्हणून तिला वाटलं, गुपचूप आपलं आपण न्यावं. आणि म्हातारीनं तोंड का उघडलं नाही तेही तिनंच सांगितलं. राखणीतली वस्तू हरवली असं राखणारणीनं कबूल केलं की तिच्याकडे पुन्हा कुणी काही ठेवत नाही. आयुष्यभराची अब्रू एका वाक्यात जाते.

मी तिला तशीच ओढत नेली नाही, एवढं मात्र शहाणपण केलं. ती तिच्या मनानं, तिच्या वेळेला गेली. दुसऱ्या दिवशी सुपात नागली घेऊन, कमरेवर हंडा घेऊन. मीही मुद्दाम आले होते, लांब उभी होते. ओटीपुढे हंडा ठेवून ती म्हणाली, "डोसे, माझा माझ्याजवळ पोचला."

म्हातारीनं आधी हंडा दोन्ही हातांनी चाचपला. आत हात घालून पाहिला. मग जी सुटली! शेजारणीच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. तिच्या सासूच्या चोरट्या मांजरीपासून ते आज्याच्या लंगड्या बैलापर्यंत काही सुटलं नाही. मी कधी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. ऐकून मला इतका आनंद झाला की काय सांगू. शिव्या संपल्यावर तिनं नागली घेतली आणि दोघी चुलीपाशी अंग चोरून बसल्या. त्यानंतर म्हातारी ओढ्यावर गेली ती फक्त पाणी आणायला.

पुढच्या महिन्यात हंड्याचं सगळं ऐकून डॉक्टरांनी मुलाला स्पष्ट सांगितलं. आईला आपल्या घराबद्दल ठरवता येतं, दाखला मिळणार नाही. मुलगा उठून उभा राहिला. "उद्या जळून मेली तर तुम्ही येणार का?" म्हणाला.

"येईन," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही त्याआधी येत जा."

तो निघून गेला. ऑफिससमोरच्या रस्त्यावर त्याची सायकल किती तरी वेळ तशीच उभी होती. तो बहुधा मागच्या बाजूनं चालतच गेला.

मग आम्ही कामाला लागलो. माझा एकच नियम होता, मी कशालाही हात लावणार नाही. म्हातारी उचलेल, म्हातारी ठरवेल. चुलीभोवती हातभर जागा करायला आम्हाला पूर्ण हिवाळा लागला. सलाइनची बाटली तिच्या हातात आली की ती उलटसुलट करून बघायची. "ही दवाखान्याची, आये. दवाखाना परत घेत नाही," असं मी म्हणायची. "विचारलास?" म्हणायची. मग मी खरोखर दवाखान्यात जाऊन विचारून यायची. नर्स मला वेडी समजू लागल्या होत्या. काही बाटल्या सुटल्या, काही नाही सुटल्या. माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढी सावकाश कधी चालले नाही, आणि एवढी सुखानंही नाही.

"ही माणसं भेटतील कधी?" एकदा मी विचारलं.

"शिमग्याला यील तर यील," ती म्हणाली.

मी जीपवाल्यांना धरलं. त्या काळी मोबाइल कुठले? भट्टीवरचे ट्रक, जीपचे ड्रायव्हर, बाजारात येणारे पाव्हणे, हेच आमचे टेलिफोन. पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावरची डोसी बोलावते, आपलं सामान न्या नाहीतर सोडा, असा निरोप भिवंडी-वसईपर्यंत गेला. तो किती जणांना पोचेल याची मला खात्री नव्हती.

आणि शिमग्याला माणसं आली! सगळी नाही, पण आली. पळस पेटलेला, मोहाचा वास सगळ्या रानावर. पोरांच्या अंगात नवे कपडे, बायांच्या हातात शहरातल्या प्लॅस्टिकच्या पर्स. म्हातारीनं अंगण सारवून घेतलं होतं. ती आतून एकेक वस्तू आणायची, धन्याच्या पुढ्यात ठेवायची आणि वाट बघायची. कुणी जातं नेलं, कुणी कुदळ. एक बाई पाळणा बघून मटकन खाली बसली आणि खूप रडली, मग घेऊन गेली. एकजण आपल्या भावाचं गाठोडं न्यायला आला. भाऊ भट्टीवरच वारला होता. म्हातारीनं गाठोडं दिलं आणि म्हणाली, "मसनात ठेव त्याच्याजवळ." तो बरं म्हणाला.

एक पोरगा मात्र ठाण्याचा वारा लागलेला. गॉगल कपाळावर. बापाचे जुने टोप बघून हसला. "फेक दो ना काकी, उधर सब मिलता है."

"आपल्या बोलीत सांग," म्हातारी म्हणाली.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "सोडला, काकी," तो हळू आवाजात म्हणाला, आणि गॉगल काढून खिशात ठेवला.

दुपारपर्यंत घराची मागची भिंत दिसू लागली. मला वाटतं कित्येक वर्षांत तिच्यावर उजेड पडला नसेल. तेवढ्यात मुलगा आला. हिवाळाभर तो फिरकला नव्हता. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. भिंत बघून तो चकित झाला. त्याचा चेहरा उजळला आणि मला वाटलं, आता हा लगेच घर पाडायचं काढणार. काढलंच. "आई, आता एवढं झालंच आहे तर उरलेलंही आजच काढून टाकू. उद्या तू माझ्याबरोबर चल," तो त्याच्या पुस्तकी भाषेत म्हणाला. आईशीसुद्धा तो तसंच बोलायचा.

म्हातारी उठली. आत गेली. आढ्याला काहीतरी बांधलेलं होतं ते काठीनं सोडवून घेऊन आली. एक इरलं होतं. पावसात अंगावर घ्यायचं, बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं लावून केलेलं, पण अगदी लहान, सहा-सात वर्षांच्या पोराच्या मापाचं. पानं झडून गेली होती. कामट्या उरल्या होत्या आणि त्यांना आतून बांधलेली लाल चिंधी.

तिनं ते इतरांच्या वस्तू ठेवत होती तसंच त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"शाळंत चालला होतास," ती म्हणाली. "जीपजवळ माझ्या हातात दिलास. तठं पोरां हसतील म्हनलास. राख म्हनलास, मी येन नि नेन. आता बोल. पोचला का सोडला?"

अंगणातली माणसं पुढे सरकली. सगळ्यांना रीत माहीत होती. मुलगा हसायला गेला, ते काही जमलं नाही. तो खाली बसला, त्या कामट्यांवरून त्यानं बोट फिरवलं. चिंधीची गाठ तशीच होती. एका शब्दाचं काम होतं. 'सोडला' म्हटलं असतं तर त्याचा मार्ग मोकळा होता. मी त्याच्याकडे बघत होते. आईला काही ठरवता येत नाही असा कागद मागणारा तो माणूस, पण मला त्या क्षणी त्याचा जराही राग आला नाही. मला रडू येत होतं.

"नाय सांगता येत माना," तो म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून पाड्यावरची बोली आली. "राहू दे आये. राख अजून. नेन मी."

"कवा नेशील?"

"पुढल्या शिमग्याला."

म्हातारीनं इरलं उचललं, झटकलं, काखेत मारलं. मग सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मंग पुढल्या शिमग्यापर्यंत माना हठंच राहाय लागंल. राखनीला ठेवलास ना तू?"

तो मान खाली घालून म्हणाला, "हो."